जुनी पॉइंट २२ रायफल: हौस तरुणपणीची, प्रश्न वारसाचा

उज्जैन : शिंद्यांची गादी १८१० मध्ये ग्वाल्हेरला गेली, पण उज्जैनातली मराठी घरं इथेच राहिली. माळव्यातल्या अशा काही घरांत कपाटात कुलपाआड आजही एक पॉइंट २२ रायफल असते. ऐन विशीत परवाना काढून घेतलेली, फार किमतीची नसलेली आणि आता मालकासोबतच म्हातारी झालेली. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद झाली. मग ही रायफल ठेवतात कशाला? आणि मालकानंतर तिचं काय?

'रिमफायर' म्हणजे काय?

मोठ्या रायफलीच्या काडतुसात पेट घेणारी टोपी बुडाच्या मध्यभागी असते. पॉइंट २२ मध्ये वेगळी टोपीच नाही. पेट घेणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो. खटका ओढला की पिन त्या कडेवर आपटते आणि गोळी सुटते. म्हणून हे 'रिमफायर', म्हणजे कडेवर पेटणारं काडतूस. यातलं सर्वांत चालणारं 'लाँग रायफल' काडतूस १८८७ पासून बाजारात आहे. गोळी शिशाची, व्यास सुमारे ५.६ मिलिमीटर, वजन अडीच ग्रॅमच्या आसपास.

धक्का जवळजवळ नाही, आवाज कमी, काडतूस मोठ्या बोअरपेक्षा स्वस्त. एनसीसीत असलेल्या अनेकांनी आयुष्यातली पहिली गोळी याच बोअरची झाडलेली असते. पण हिला खेळणं समजू नये. हिची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते.

जुनीच का आवडते?

बक्षिसासाठी लढणाऱ्यांच्या रायफली लाखांच्या घरात जातात. जुन्या साध्या रायफलीची गंमत निराळी. तीस-चाळीस वर्षं एकच शस्त्र वापरलं की त्याची खोड कळते. कोणत्या कंपनीचं काडतूस तिला मानवतं, पहिली गोळी किंचित कुठे जाते, घोडा किती दाबला की सुटतो, हे हाताला पाठ होतं. पन्नाशीनंतर माशी धूसर दिसू लागते, तरी २५ मीटरवरच्या कागदावर पाच गोळ्या रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बसल्या की दिवस चांगला जातो.

या खेळाशी मराठी माणसाचं नातं जुनं आहे. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशनचे संस्थापक अध्यक्ष म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही होते. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणलं. दोघांचंही काडतूस हेच, पॉइंट २२.

कायदा काय म्हणतो?

खरी अडचण इथे आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. वारसाहक्काने मिळालेलं शस्त्रही या दोनांतच मोजलं जातं. ज्यांच्याकडे बारा बोअर, रिव्हॉल्व्हर आणि पॉइंट २२ अशी तिन्ही होती, त्यांना एक सोडावं लागलं. अशा वेळी सर्वांत स्वस्त शस्त्रावर गदा येणं साहजिकच.

पण कायद्यात एक सवलत आहे. केंद्र सरकारची मान्यता असलेल्या रायफल क्लबचा सभासद नेमबाजीच्या सरावासाठी जी पॉइंट २२ रायफल किंवा एअर रायफल वापरतो, तिला ही मर्यादा लागू नाही. म्हणून क्लबचं सभासदत्व चालू ठेवणं हा केवळ हौसेचा भाग नाही.

वारसाबाबतही वाट आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार मालकाच्या मृत्यूची वाट पाहावी लागत नाही. मालकाने वयाची ७० वर्षं पूर्ण केली किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं, यांपैकी जे आधी होईल तेव्हा तो कायदेशीर वारसाचं नाव सुचवू शकतो. वारसाला रीतसर अर्ज करून स्वतःचा परवाना घ्यावा लागतो. तो मिळेलच असं नाही. ऐंशीच्या दशकात रायफल घेतलेले जवळपास सगळे या अटीत बसतात. वडील हयात असताना कागद झाले तर मुलांची धावपळ वाचते. नाहीतर विनापरवाना शस्त्र घरात ठेवल्याचा ठपका वारसावर येतो. तोवर शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं.

सीमाभागातल्यांनी आणखी एक पाहावं. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. ते जिल्ह्यापुरतं किंवा राज्यापुरतं असेल तर रायफल घेऊन उज्जैनहून जळगावला किंवा कोल्हापूरहून बेळगावला जाता येत नाही. कायमचं घर बदललं तर नव्या जिल्ह्याच्या परवाना अधिकाऱ्याला कळवावं लागतं. निवडणुकीत शस्त्र जमा करण्याचा आदेश निघाला तर पावती घ्यावी आणि तीवर शस्त्राचा क्रमांक तपासावा.

निगा कशी राखावी?

रिकामी रायफल चालवून पाहू नये. जुन्या रिमफायरमध्ये पिन थेट नळीच्या तोंडावर आपटते आणि तिथे खड्डा पडतो. पावसाळ्यात कापडी किंवा चामडी खोळीत ठेवू नये, ओल धरून गंज चढतो. तेलाचा हलका हात पुरे. काडतूस उडालं नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबावं, मग बोल्ट उघडावा. काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवावीत.

आणि लग्नाच्या वरातीत कोणी 'काका, एक बार काढा ना' म्हणालं, तर सरळ नाही म्हणावं. बेफिकिरीने केलेल्या अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. चाळीस वर्षं जपलेली रायफल जप्त होईल ती वेगळीच.