तीनदा निवृत्त, दोनदा माघारी

१४ ऑगस्ट १९८६ रोजी अमेरिकेतील बोस्टन बंदरात ‘कॉन्स्टिट्यूशन’ या युद्धनौकेवर एक निरोपसमारंभ झाला. ही नौका लाकडी, १७९७ साली पाण्यात उतरलेली आणि अमेरिकन नौदलाच्या पटावरील सर्वांत जुनी. ज्यांना निरोप द्यावयाचा, त्या रिअर ॲडमिरल ग्रेस हॉपर याही त्या वेळी नौदलाच्या प्रत्यक्ष सेवेत असलेल्या अधिकाऱ्यांत वयाने सर्वांत ज्येष्ठ होत्या. ऐंशी पुरी होण्यास चार महिने उरले होते. त्यांना निवृत्त करण्याची नौदलाची ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही खेपांना नौदलाला आपलाच हुकूम फिरवून त्यांना परत बोलवावे लागले होते. आणि नवलाची गोष्ट ही की, या ॲडमिरलबाईंची सारी सेवा जमिनीवरच झाली होती.

ग्रेस मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील विमा व्यवसायात होते. आईला गणिताची अतोनात आवड; परंतु तिच्या काळी मुलीने भूमितीच्या पुढे जाणे शिष्टसंमत नव्हते, त्यामुळे बीजगणित आणि त्रिकोणमिती तिच्या वाट्याला आलीच नाही. वडिलांचे दोन्ही पाय रक्तवाहिन्यांच्या विकाराने कापावे लागले होते. मुलींना मुलाइतकेच शिक्षण मिळाले पाहिजे, प्रसंगी त्यांना स्वतःच्या पायावर उभे राहता आले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता, आणि तो कोणत्या देहस्थितीतून आला होता हे सांगावयास नको.

उन्हाळ्याची सुटी न्यू हॅम्पशायरमधील एका सरोवराकाठी जाई. तेथील घरात निजण्याच्या सात खोल्या आणि प्रत्येकीत एक गजराचे घड्याळ. सात वर्षांच्या ग्रेसने एक घड्याळ खोलले. ते पुन्हा जुळेना, म्हणून आतली रचना पाहण्यासाठी दुसरे खोलले. असे करता करता सातही घड्याळांची चाके बाहेर आली. आईने निवाडा दिला तो एवढाच, की यापुढे एक घड्याळ तुझे, बाकीच्यांना हात लावावयाचा नाही. त्याच सरोवरात एकदा ग्रेसची होडी उलटली, तेव्हा काठावरून आईने ओरडून आठवण करून दिली ती नौदलात ॲडमिरल असलेल्या पणजोबांची. होडी सोडावयाची नाही, हा त्याचा अर्थ. मुलीने सोडली नाही.

पुढे व्हॅसार कॉलेजातून पदवी, १९३४ मध्ये येल विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट आणि व्हॅसारमध्येच अध्यापन, असा सरळ मार्ग चालला होता. महायुद्ध आले नसते तर त्या एक चांगल्या प्राध्यापिका म्हणूनच निवृत्त झाल्या असत्या. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि जुलै १९४२ मध्ये राखीव नौदलात स्त्रियांना घेण्याचा कायदा झाला. हॉपरबाईंनी अर्ज केला. वय अधिक, वजन अवघे १०५ पौंड, शिवाय गणिताची प्राध्यापिका वर्गातच अधिक उपयोगी, अशा तीन कारणांनी नौदलाने नकार दिला. त्यांनी कॉलेजकडून रजा मिळवली, वजनाबाबत सूट मिळवली आणि डिसेंबर १९४३ मध्ये नाव नोंदवले. जून १९४४ मध्ये, तिच्याहून पुष्कळ लहान मुलींच्या तुकडीत पहिली येऊन, ही सदतीस वर्षांची प्राध्यापिका अधिकारी झाली.

नेमणूक झाली ती हार्वर्ड विद्यापीठात, हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली. तेथे ‘मार्क वन’ नावाचे यंत्र होते: ५१ फूट लांब, आठ फूट उंच, वजन पाच टनांच्या घरात. सेकंदाला तीन बेरजा हा त्याचा वेग आज हास्यास्पद वाटेल. पण त्या वेळी असे यंत्र विरळाच होते. कागदाच्या पट्टीवर भोके पाडून त्याला आज्ञा द्यावयाच्या. एकेन यांनी नवागत अधिकाऱ्याची विचारपूस न करता, इतके दिवस होता कुठे, असा प्रश्न केला आणि आठवड्याभरात पुरे करावयाचे एक गणित हाती दिले. यंत्र रात्रंदिवस चाले, माणसेही त्याच्याबरोबर जागत. ऑगस्ट १९४४ मध्ये जॉन फॉन नॉयमन तेथे एक किचकट समीकरण घेऊन आले. ते कशाचे, हे यंत्रावर राबणाऱ्यांना सांगितले गेले नाही. नागासाकीवर पडलेल्या बाँबच्या रचनेशी त्या आकडेमोडीचा संबंध होता. सुरुंग आणि तोफा यांच्या कोष्टकांबरोबर हेही त्या दालनात घडले, ही गोष्ट गौरवाच्या भाषणांत सहसा येत नाही.

येते ती पतंगाची गोष्ट. १९४७ मध्ये पुढच्या ‘मार्क टू’ यंत्रात अडकलेला एक पतंग नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला आणि यंत्रातील दोषाला ‘बग’ म्हणण्याचा प्रघात हॉपरबाईंनी पाडला, असे सर्रास सांगतात. तो शब्द अभियंत्यांत कित्येक दशके आधीपासून रूढ होता, आणि पतंग सापडला तो इतरांना. त्यांनी ती गोष्ट रंगवून सांगितली एवढेच. ज्यांचे खरे काम एवढे मोठे, त्यांच्या नावावर अशा फुटकळ गोष्टी का जमा होतात, कोण जाणे.

युद्ध संपल्यावर कायम सेवेत घ्यावे म्हणून त्यांनी अर्ज केला. नियमाची मर्यादा अडतीस वर्षांची, यांचे वय चाळिशीच्या घरात. अर्ज फेटाळला गेला. विवाह १९४५ मध्ये मोडला होता, हार्वर्डमध्येही पुढे स्थान नव्हते. ही वर्षे त्यांना फार जड गेली, मद्याचे व्यसन लागले, हे त्यांच्या चरित्रकारांनी लपवलेले नाही. १९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियातील एका नव्या संगणक कंपनीत गेल्या आणि तेथे त्यांचे मोठे काम झाले.

यंत्राला आज्ञा आकड्यांत द्यावी लागे. हे भाषांतर यंत्रानेच का करू नये, हा त्यांचा प्रश्न होता. १९५२ मध्ये त्यांनी अशी पहिली आज्ञावली चालवून दाखवली; यंत्र केवळ अंकगणित करते, असे म्हणून पुष्कळांनी तिच्याकडे पाहिलेही नाही. पुढे साध्या इंग्रजी शब्दांत आज्ञा घेणारी भाषा तयार झाली. तीच फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालते, हे त्यांनी वरिष्ठांना दाखवले, तेव्हा अमेरिकेत बनलेल्या यंत्राला परकी भाषा कळणे शक्यच नाही, असा गिल्ला झाला. यंत्राला कोणतीच भाषा कळत नाही, ते फक्त खुणा जुळवते, हे समजावण्यात त्यांचे कित्येक महिने गेले. १९५९ मध्ये एका समितीने रचलेल्या ‘कोबोल’ या भाषेचा पाया हॉपरबाईंच्या भाषेत आहे. तिची माता म्हणणे समितीवर अन्याय करणारे असले तरी मूळ शोधताना त्यांचे नाव टाळता येत नाही.

या साऱ्या काळात त्या राखीव नौदलात होत्याच. १९६६ च्या अखेरीस, साठी उलटल्यावर, नौदलाने त्यांना निवृत्त केले. हा आपल्या आयुष्यातील सर्वांत दुःखाचा दिवस, असे त्या म्हणत. सात महिन्यांनी, ऑगस्ट १९६७ मध्ये, त्याच नौदलाचे बोलावणे आले: ‘कोबोल’ प्रत्येक उत्पादकाच्या यंत्रावर निराळी झाली होती, तिला एका शिस्तीत आणावयाचे होते. मुदत सहा महिन्यांची होती. ती पुढे बेमुदत झाली. १९७१ मध्ये पुन्हा निवृत्ती, १९७२ मध्ये पुन्हा बोलावणे. १९८३ मध्ये, सत्त्याहत्तराव्या वर्षी, कमोडोरपद मिळाले.

मुदतवाढ हा शब्द आपल्याकडे बदनाम आहे, आणि तो काही उगाच नाही. वरच्यांच्या मर्जीतल्या माणसाला खुर्ची राखून ठेवण्याचे ते साधन झालेले आहे. येथे मर्जीचा प्रश्न नव्हता. ज्यांनी परत बोलावले त्यांचे काम अडले होते, आणि ते करणारे दुसरे माणूस हाताशी नव्हते. तरुणांच्या वाटा अडवण्याचा आक्षेपही या बाईंवर येत नाही. आपले सर्वांत मोठे काम म्हणजे शिकवलेली तरुण मुले, असे त्या सांगत आणि फूटभर तारेचा तुकडा हाती देऊन, सेकंदाच्या अब्जांशात वीज एवढेच अंतर जाते, हे सेनापतींनाही समजावीत. तरीही नियम चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. नियम सर्वांसाठी असतो. अपवाद कोणासाठी, हे ठरवणारा अधिकारी शहाणा निघेल याची हमी कोणत्याही नियमावलीत देता येत नाही. या प्रकरणी तो निघाला, पण पहिल्या खेपेस नाही, हेही नोंदले पाहिजे.

‘कॉन्स्टिट्यूशन’वरील समारंभानंतर त्या फार दिवस घरी बसल्या नाहीत. डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत ज्येष्ठ सल्लागार म्हणून त्या रुजू झाल्या आणि नौदलाचा गणवेश घालून गावोगाव व्याख्याने देत हिंडल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाची विनाशिका १९९६ मध्ये पाण्यात उतरली.