माटोळीचा डबा

फोनवर बोट टेकवून सत्तेचाळीस रुपयांची भाजी घेता येऊ लागल्यापासून खिशातील चिल्लरीचा आवाज बंद होत चालला आहे. २०१६ साली सुरू झालेली यूपीआयची पद्धत सोयीची आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. सुट्ट्या पैशांऐवजी हातावर चॉकलेट ठेवणाऱ्या दुकानदाराशी हुज्जत घालण्याच्या नित्याच्या प्रसंगातून तिने आम्हांस सोडविले, याबद्दल आम्ही तिचे ऋणीच आहो. परंतु या सोयीपायी घरातील एक वस्तू निकामी होऊ घातली आहे, आणि ती म्हणजे फडताळातला चिल्लरीचा डबा.

गोमंतकातील एखाद्या जुन्या घरात असा डबा उपडा केला, तर गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहासच जमिनीवर घरंगळतो. तळाशी १९५८ सालच्या शिक्क्याचे सेंताव्ह आणि एस्कुद असतात. रुपी आणि तांग यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब मोडून, सहा एस्कुदांस एक रुपी या दराने पोर्तुगीज राजवटीने ते आणले आणि १९६१ च्या मुक्तीनंतर ते निरुपयोगी झाले. त्यांच्यावर भारतीय पैशांचा थर: पाकळ्यांच्या कडेचे दोन पैसे, चौकोनी पाच पैसे, षट्‌कोनी वीस पैसे. ३० जून २०११ रोजी पंचवीस पैसे व त्याखालील सर्व नाणी चलनातून गेली, आणि कित्येक आजीबाईंनी डाळीच्या डब्याआड जपलेली पुंजी एका रात्रीत धातूचे तुकडे होऊन बसली. पैसे जपले होते. ते कशासाठी व केव्हापर्यंत जपायचे, एवढेच कोणी ठरविले नव्हते. चिल्लर साठविणे हा गुण म्हणावयाचा, तर तिला कार्य आणि मुदत दोन्ही नेमून दिली पाहिजेत, असे आमचे मत आहे.

हे मत आम्हांस पुस्तकातून सुचलेले नाही. फोंडा तालुक्यातील आमच्या एका स्नेह्यांच्या घरी आजोबांनी असला बाद नाण्यांचा ढीग पाहून नवा डबा मांडला आणि त्यावर चिठी डकविली, ‘माटोळी’. चतुर्थीला गणपतीच्या मस्तकावर लाकडी चौकट टांगून, तीवर त्या ऋतूतील फळे, फुले व पाने बांधण्याची ही आपली रीत वाचकांस नव्याने सांगावयास नको. पण ज्या घरातील कर्ते पुरुष नोकरीपायी शहरात राहतात, त्या घरची माटोळी आता बहुतांशी बाजारातून येते. चतुर्थीच्या आदल्या दिवसांत भरणाऱ्या माटोळीच्या बाजारात, वाटेल ती किंमत देऊन, दोन पिशव्यांत सारे रान भरून गाडीत टाकले की काम झाले. मुलांना त्यातील निम्म्या वस्तूंची नावेही ठाऊक नसतात. आजोबांचे दुखणे नेमके हेच होते.

त्यांनी नेम घातला की माटोळीचा खर्च डब्यातूनच होईल; डबा अपुरा पडला तर उरलेले सामान पायांनी मिळवावे. रोज दहा रुपये पडले तर वर्षाचे साडेतीन हजारांच्या वर होतात, आणि अधिक मास आला की डब्याचे वर्ष एका महिन्याने लांबते, तेवढाच त्याचा लाभ. हिशेबाची वही सहावीतल्या नातीकडे सोपविली. पहिले दोन महिने झाल्यावर या मुलीने जेवणाच्या पानावर सर्वांसमक्ष वाचून दाखविले की आजोबा, आजी, आई या तिघांच्या नावांपुढे रकमा आहेत; बाबांच्या नावापुढे काही नाही. बाबा सारे व्यवहार फोनवरून करीत, सबब त्यांच्या हाती सुटे पैसे येतच नसत. ते हसले आणि म्हणाले, ‘‘पाचशेची एक नोट टाकतो, म्हणजे झाले!’’ नातीने नोट घेण्याचे नाकारले. डबा चिल्लरीचा आहे, एवढेच तिचे म्हणणे होते. बाबा दोन दिवस रुसले, आणि तिसऱ्या दिवशी रोख नोट खिशात घालून मासळीबाजारात गेले.

श्रावणात डबा उघडला तेव्हा घरातील सारी माणसे चटईवर बसून नाणी लावीत होती. दहा रुपयांचे नाणे कोणी ओळखीचे नाही म्हणून बाजूला सारले, तेव्हा या नाण्याचे चौदा नमुने असून ते सर्व चालू असल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे, ही माहितीही निघाली. बँकेने नाणी स्वीकारलीच पाहिजेत असा दंडक आहे. पण त्यांना बँकेची पायरी चढावी लागली नाही. माटोळीच्या बाजारात बसणाऱ्या बायांना सुट्ट्यांची चणचण असतेच. त्यांनी नाणी आनंदाने मोजून घेतली.

तत्पूर्वी मात्र खरी मजा झाली होती. काय विकत घ्यावयाचे आणि काय शोधावयाचे याची यादी करताना आजोबांना चेव आला. नारळ व सुपारीचा घड घरच्या कुळागरातला. तवशी आजीच्या परसातली. कांगलांचे घोस, कवंडळे, वाजणाऱ्या शेंगांच्या घागऱ्या यांसाठी नातवंडांना घेऊन आजोबा पावसात टेकडी चढले. कांगलांची वेल दिसताच नातवाने ती मुळासकट ओढली, तेव्हा त्याला कान धरून थांबविण्यात आले. बाजारासाठी रान ओरबाडणारे हेच करतात, आणि मग पुढील वर्षी त्या जागी काही उरत नाही. एक घोस तोडावा, वेल ठेवावी, असे शिक्षण कोणत्या शाळेत मिळते? तोरिंजन मात्र कोठे सापडले नाही. ते डब्याच्या पैशांतून आले.

नातवाने आणखी एक बेत केला होता. रुपयाच्या नाण्यांना भोके पाडून त्यांची झालर माटोळीला लावावी. तो आईने मोडून काढला, आणि ते उचित झाले. नाणी वितळविणे वा नष्ट करणे यास २०११ च्या नाणे कायद्याने तुरुंगवासाची शिक्षा ठेवली आहे, आणि भोक पाडलेले नाणे बाजारात कोणी घेत नाही. हौसच असेल तर जुनी बाद नाणी एका वहीत ओळीने लावून ठेवावीत, प्रत्येकाखाली घरातील वृद्धांनी त्या नाण्यात तेव्हा काय मिळे ते लिहावे. आजीने एस्कुदाखाली लिहिलेली ओळ आम्ही वाचली. पण तो घरचा मजकूर आहे, येथे देत नाही.

माटोळी बांधून झाली ती थोडी वाकडीच होती. डावीकडे नारळ जास्त झाले होते, आणि तोरिंजनाची दोरी रात्री सुटून ते आरतीच्या ताम्हनात पडले. बाजारातील सजविलेल्या माटोळीपुढे ती फिकी पडली असती, हे आम्ही कबूल करतो. तरी दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाला नात एकेका फळाचे नाव आणि ते कोठे मिळाले ते सांगत उभी होती, आणि बाबा मागून दुरुस्त्या सुचवीत होते.

विसर्जनानंतर वहीत शेवटची नोंद झाली: ‘‘शिल्लक रुपये अकरा, डब्यात परत.’’