पेशीतली परांची

श्रोतेहो, आपल्या पेशीतही परांची असते, असं मी म्हटलं तर? ट्यूब्युलिन या प्रथिनाचे कण एकाला एक जोडत २५ नॅनोमीटर जाडीच्या पोकळ नळ्या तयार होतात. त्या वाढतात, मोडतात, पुन्हा उभ्या राहतात. चेतापेशीच्या लांब तंतूत याच नळ्यांवरून मालाची ने-आण चालते. त्यांच्या जुळणीला हातभार लावणारं ‘टाऊ’ हे प्रथिन १९७५ मध्ये सापडलं. बांबूंना जसा काथ्या, तसं नळ्यांना टाऊ.

पण हा काथ्या कधी आवळायचा, कधी सैल सोडायचा? तो निरोप देणारी प्रथिनं वेगळी. जीएसके-३ नावाचं विकर टाऊवर फॉस्फेट चिकटवतं आणि टाऊची पकड सुटते. दुसरी विकरं ते फॉस्फेट काढून घेतात, पकड पुन्हा बसते. पेशीला हे दोन्ही हवंच असतं. घात होतो तो तोल गेल्यावर. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत टाऊवर फॉस्फेटचा अतिरेक दिसतो. नळ्या सोडून टाऊचे आपसातच गुंते होतात. हे गुंते पसरतात, तशी स्मृती ओसरते.

म्हणून माझं सांगणं एवढंच: घरातले आजोबा तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारू लागले, तर त्याला हट्ट समजू नका. वेळीच डॉक्टरांना दाखवा.