खुर्ची तीच, सभागृह मोठं

मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि महापौरपद रिकामं झालं. नळाला पाणी येत राहिलं, कचरा उचलला गेला, रस्त्यांची कंत्राटं निघत राहिली. प्रशासक म्हणून आयुक्तच कारभार बघू लागले. नगरसेवकाचं दार ठोठावायची सवय असलेल्या वस्त्यांना फरक पडला, पण महापौर नाहीत म्हणून कुठलं काम अडलं असं झालं नाही. याचं मूळ १८८८च्या कायद्यात आहे. अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे, खर्चाच्या प्रस्तावांची किल्ली स्थायी समितीकडे. महापौरांनी सभा चालवायची, समसमान मतं पडली तर निर्णायक मत द्यायचं आणि पाहुण्यांचं स्वागत करायचं. पूर्वी तर हा मानही वर्षभराचाच असे.

अशा खुर्चीवरून माणूस वर चढतो तो कसा? छगन भुजबळ पहिल्यांदा महापौर झाले १९८५ मध्ये, त्याच वर्षी ते माझगावचे आमदारही झाले. पण त्यांचं नाव गाजलं ते सभागृहात घंटा वाजवून नव्हे, तर १९८६च्या सीमा आंदोलनात वेशांतर करून बेळगावात शिरल्यामुळे. देवेंद्र फडणवीस १९९७ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी नागपूरचे महापौर झाले. १९९८ मध्ये शिवसेना-भाजप युती सरकारनं ‘मेयर इन कौन्सिल’ पद्धत आणून मुंबई आणि नागपूरच्या महापौरांच्या हाती खरी सत्ता दिली, ती फडणवीसांच्या वाट्याला आली. पुढच्याच वर्षी सरकार बदललं आणि हा प्रयोग गुंडाळला गेला. दोघांच्याही चढणीत महापौरपद ही एक पायरी होती, शिडी पक्षाची होती.

मनोहर जोशींची गोष्ट वरवर तशीच दिसते. रायगड जिल्ह्यातल्या नांदवीचा गरीब घरातला मुलगा, मुंबईत महापालिकेत कारकुनी, मग १९६१ मध्ये दादरला ‘कोहिनूर’ची शिकवणी. त्यामुळे ते जन्मभर ‘सर’ राहिले. १९६८ मध्ये नगरसेवक, १९७२ पासून विधान परिषद, १९७६-७७ मध्ये, आणीबाणीच्या दिवसांत, महापौर. १९८४ ची लोकसभा ते हरले, १९९० मध्ये दादरमधून विधानसभेत गेले आणि विरोधी पक्षनेते झाले. ते पद आपल्याला हवं होतं, ही भुजबळांची खंत. १९९१ च्या नागपूर अधिवेशनात त्यांनी शिवसेना सोडली त्यामागे मंडल आयोगाचा प्रश्न होता, तशी ही जखमही होती. एका पदासाठी दोन माजी महापौर, आणि पदं वाटणारा हात तिसऱ्याचाच.

१४ मार्च १९९५ रोजी शिवाजी पार्कवर जोशींनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. ‘रिमोट कंट्रोल’ माझ्या हातात आहे, हे शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरेंनी कधी लपवलं नाही. जानेवारी १९९९ च्या अखेरीस ठाकरेंच्या घरून, मातोश्रीवरून चिठ्ठी आली आणि जोशींनी राजीनामा दिला. चार वर्षांचं मुख्यमंत्रिपद एका कागदावर गेलं. महापौर असतानाही हातात सत्ता नव्हतीच, त्यामुळे ही अवस्था त्यांना अगदीच अनोळखी नसावी.

माझ्या मते जोशींची खरी बढती त्यानंतर झाली. लोकसभेचे अध्यक्ष बालयोगी मार्च २००२ मध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेले आणि १० मे रोजी जोशी बिनविरोध अध्यक्ष झाले. नाव पुढे आलं ते पक्षाच्या संमतीनं, हे उघड आहे. पण अध्यक्षाला चिठ्ठी पाठवून घरी बसवता येत नाही, त्याला चौदा दिवसांची नोटीस आणि सभागृहाचं बहुमत लागतं. आणि काम तेच, पंचवीस वर्षांपूर्वी फोर्टमधल्या पालिका सभागृहात केलेलं: हरकतीचा मुद्दा ऐकायचा, हौद्यात उतरलेल्यांना जागेवर पाठवायचं, नाहीच ऐकलं तर तहकुबी. फेब्रुवारी २००३ मध्ये सेंट्रल हॉलमध्ये सावरकरांचं तैलचित्र लागलं तेव्हा विरोधकांनी बहिष्कार घातला. ऑगस्टमध्ये वाजपेयी सरकारवरचा अविश्वास ठराव त्यांच्याच देखरेखीखाली चर्चेला आला आणि फेटाळला गेला.

या वाटेनं जाणारे जोशी पहिले नव्हेत. विठ्ठलभाई पटेल मुंबई महापालिकेचे अध्यक्ष होते (‘महापौर’ हे बिरुद १९३१ मध्ये आलं). ऑगस्ट १९२५ मध्ये ते केंद्रीय विधिमंडळाचे पहिले निर्वाचित भारतीय अध्यक्ष झाले, तेही ५८ विरुद्ध ५६ मतांनी. निवडून येताच आपण आता कुठल्याच पक्षाचे नाही, असं त्यांनी जाहीर केलं. सप्टेंबर १९२८ मध्ये सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर ६१-६१ अशी मतं पडली. सरकारी बाकांवरच्यांना वाटलं असेल, आता हा माणूस काय करतो? एवढा गंभीर कायदा ज्याला हवा त्यानं स्वतःचं बहुमत आणावं, अध्यक्षाच्या मतावर तो तरू नये, असं म्हणत विठ्ठलभाईंनी विरोधात मत टाकलं. विधेयक पडलं. निर्णायक मत ही महापौराची बहुतेकदा शोभेची सत्ता. इथे तिनं इंग्रज सरकारला थोपवलं.

दुसरे गणेश वासुदेव मावळंकर, कुळानं रत्नागिरीचे, कर्मभूमीनं अहमदाबादचे. १९३०च्या दशकात ते अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष, १९३७ मध्ये मुंबई विधानसभेचे, जानेवारी १९४६ मध्ये तीन मतांच्या आघाडीनं केंद्रीय विधिमंडळाचे आणि १९५२ मध्ये पहिल्या लोकसभेचे. डिसेंबर १९५४ मध्ये त्यांना हटवण्याचा ठराव आला, तो फेटाळला गेला. काँग्रेसचं सभासदत्व त्यांनी सोडलं नाही. विठ्ठलभाईंइतकं पक्षापासून तुटणं स्वतंत्र भारतात अध्यक्षाला परवडत नाही, कारण पुढच्या निवडणुकीचं तिकीट पक्षच देतो.

जोशींनाही ते तिकीट मिळालं, मतं मात्र कमी पडली. २००४ मध्ये अध्यक्षपदावर असताना ते उत्तर-मध्य मुंबईतून उभे राहिले आणि काँग्रेसचे एकनाथ गायकवाड यांनी त्यांना पाडलं. सभागृह तटस्थपणे चालवल्याबद्दल दादर-धारावीच्या मतदाराला काही देणं लागत नव्हतं. पक्षानं २००६ मध्ये राज्यसभा दिली. २०१३च्या दसरा मेळाव्यात शिवाजी पार्कवर, शपथ घेतलेल्याच मैदानात, शिवसैनिकांनी त्यांच्याविरुद्ध घोषणा दिल्या आणि सर व्यासपीठ सोडून निघून गेले. त्या मैदानात हरकतीचा मुद्दा ऐकून घेणारं कुणीच नव्हतं.