बोरमधली लाल माती आणि डायनासोरचं शेण

ज्यांना हेडफोन लावायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी आजचा एपिसोड लेखी.

2019 चा उन्हाळा. बदनापूरजवळ आमची मोसंबीची बाग सुकायला लागली, म्हणून पप्पांनी उसनवारी करून बोर घ्यायचा ठरवला. गाडी रात्री आली. आधी काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. राखाडी धुरळा उडत होता. दोनशे फुटांच्या आसपास तो एकदम लाल झाला आणि पप्पांचा चेहरा पडला. गाडीवाला म्हणाला, "काका, लाल लागलं. इथं बोर ढासळतो." मी मूठभर माती घेऊन बघत बसलो. दगडाच्या पोटात माती आली कुठून?

तर ऐका. आपला काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तो वर आला आणि लांबवर पसरला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आज उरलाय तेवढाच जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर आहे. भारत तेव्हा आशियाला जोडलेलाही नव्हता, विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता.

आता मुरूम आठवा. मुरूम म्हणजे ऊन-पावसानं अर्धवट झिजलेला दगडच. दगडाची अशी झीज व्हायला हजारो वर्षं लागतात. म्हणजे दोन पाषाणांच्या मध्ये लाल थर सापडला, तर तिथे ज्वालामुखी तेवढा काळ गप्प होता! पाऊस पडला, दगडातलं लोखंड गंजलं, माती लाल झाली. मग हजारेक अंश तापलेला पुढचा लाव्हा आला आणि तिला विटेसारखं भाजून गेला. आम्हा कोडिंगवाल्यांच्या भाषेत ही लॉग फाईल आहे, फक्त नवी नोंद सगळ्यात वर.

मग जालन्यात डायनासोर का सापडत नाहीत? कारण त्यांची जमीन या सगळ्या थरांच्या खाली दबलीय. लाव्ह्याची चादर जिथे संपते, त्या कडेला ती जमीन उघडी पडते. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा नावाचं गाव आहे, तिथे डायनासोरची हाडं सापडली आणि चक्क दगड झालेलं शेणसुद्धा. हसू नका! 2005 मध्ये शास्त्रज्ञांनी त्या शेणात गवताचे सूक्ष्म सिलिका कण शोधले. ज्वारीचं पातं हाताला चिरतं ना, त्याला धार देणारी हीच सिलिका. त्यातले काही कण तर भाताच्या कुळाशी नातं सांगणारे निघाले. तोवर समज असा होता की गवत डायनासोरनंतर आलं. माझ्या मते हाडांपेक्षा हे शेणच भारी, कारण हाडं जनावर केवढं होतं ते सांगतात, शेण रान कसं होतं ते सांगतं.

लाव्ह्यासोबत वायूही बाहेर पडले. गंधकाच्या वायूनं काही वर्षं थंडावा आणि आम्लाचा पाऊस, कार्बन डायऑक्साइडनं हजारो वर्षं उकाडा. त्यातच मेक्सिकोच्या किनाऱ्यावर प्रचंड अशनी आदळला. शेवटचा घाव बहुतेक शास्त्रज्ञ त्याचाच मानतात. लाव्ह्यानं किती हातभार लावला, यावर वाद चालू आहे. आणि हो, तो अशनी लोणारला पडलेला नाही! लोणारचा खड्डा याच काळ्या दगडात आहे, म्हणजे दगड आधी आणि खड्डा नंतर. तोपर्यंत डायनासोर संपून कोट्यवधी वर्षं झाली होती.

बोरचं काय झालं? ही भाजकी माती पाणी लागलं की फुगते, सुटते, म्हणून ढासळते. गाडीवाल्यानं लाल थर पार होईपर्यंत केसिंग टाकायला लावलं. खर्च वाढला, पप्पा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. त्याच्या खालच्या फुटक्या पाषाणात दीड इंच पाणी लागलं. अर्धी बाग वाचली. ती मूठभर माती अजून माझ्या टेबलावर, जुन्या हॉर्लिक्सच्या बाटलीत आहे.