टेबलाखालचा स्विच

सोलापूर जिल्ह्यातल्या माढ्यात महा-ई-सेवा केंद्र असो, पतसंस्था असो की खतांचं दुकान. दोनापेक्षा जास्त संगणक आले की टेबलाखाली किंवा भिंतीवर एक चपटी डबी हमखास येते: इथरनेट स्विच. पाच किंवा आठ पोर्ट, लुकलुकणारे दिवे, मागे ॲडॉप्टरची वायर. सातबारा काढायचा संगणक, प्रिंटर आणि राउटर यांची गाठ तिथेच पडते. लोकांचं लक्ष मात्र कायम राउटरकडे.

इथरनेट, म्हणजे केबलने संगणक जोडण्याची ही पद्धत, 1973 साली अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांच्या डोक्यातून निघालं. तेव्हा सगळे संगणक एकाच जाड केबलवर असत. दोघांनी एकदम माहिती सोडली की तिची टक्कर होई. पुढे संगणक एकत्र जोडणारे हब आले, पण टक्कर तशीच राहिली. 1990 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने इथरनेट स्विच बाजारात आणला आणि हे दुखणं मिटलं. भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज तिचे एक संस्थापक. कंपनीचं नाव होतं ‘कल्पना’. 1994 मध्ये सिस्कोने ती विकत घेतली.

या डबीचं खरं कौतुक तिच्या शिकण्याचं. प्रत्येक यंत्राला 48 बिटांचा पत्ता असतो. कुठला पत्ता कुठल्या पोर्टातून बोलला, हे स्विच स्वतःच टिपून ठेवतो. समोरचा ओळखीचा असेल तर माहिती फक्त त्याच्याच पोर्टात जाते, नसेल तर बाकी सगळ्या पोर्टांत. काही मिनिटं कोणी गप्प राहिला की त्याची नोंद पुसली जाते. सेटिंग काही नाही, पासवर्ड नाही.

याच साधेपणात एक धोका आहे. झाडलोट करताना कोणी स्विचमधून निघालेल्या केबलचं मोकळं टोक पाहिलं आणि ते त्याच स्विचच्या रिकाम्या पोर्टात खोचलं, तर सर्वांसाठी निघालेला संदेश गोल फिरत राहतो. इथरनेटच्या संदेशाला थांबण्याची मर्यादाच नसते. सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकतात आणि ऑफिस ठप्प होतं. मोठ्या स्विचमध्ये यावर रेडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये शोधलेली तोड असते. साध्या स्विचमध्ये ती बहुधा नसते. अशा वेळी एकेक केबल काढून बघणं हाच उपाय. म्हणून प्रत्येक केबलला चिठ्ठी लावाच.

जागाही नीट निवडायला हवी. असे बरेच स्विच 40 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि सोलापूरचा मे महिना त्याच्या वर जातो. आत पंखा नसतो. मग इन्व्हर्टरवर किंवा फायलींच्या ढिगाखाली ठेवलेल्या स्विचने तग धरावा कसा? वीज गेल्यावर राउटर इन्व्हर्टरवर चालू आणि स्विच साध्या प्लगवर बंद, हीही चूक सर्रास दिसते. ऑफिसपासून गोदामापर्यंत केबल न्यायची तर तांब्याच्या केबलची मर्यादा 100 मीटर. अंतर कमी असलं तरी दोन इमारतींमध्ये फायबरच टाकावी. वळवाच्या पावसात वीज कडाडली की तांब्यातून आलेला झटका दोन्हीकडचे स्विच जाळू शकतो. फायबरच्या काचेतून तो येत नाही.