दारे मिटली, जनता सुखावली!

आतिथ्यासाठी नावाजलेल्या जपानने करोनाच्या साथीत परदेशी पर्यटकांना सुमारे अडीच वर्षे दाराबाहेर ठेवले आणि तेथील बहुसंख्य जनतेने त्याचे स्वागतच केले. साथीच्या काळात 'परका' या शब्दाला कशी धार चढते, हे त्यातून दिसते.

जपानमध्ये २०१९ मध्ये सुमारे ३ कोटी १९ लाख परदेशी प्रवासी आले होते. ऑलिम्पिकमुळे २०२० साठी ४ कोटींचे लक्ष्य होते. प्रत्यक्षात २०२१ मध्ये अडीच लाखही आले नाहीत.

निकष नागरिकत्वाचा

एप्रिल २०२० पासून काही महिने, बंदी घातलेल्या देशात गेलेल्या परदेशी रहिवाशाला, कायम वास्तव्याचा परवाना असूनही, सहसा परतता येत नव्हते. त्याच विमानाने येणाऱ्या जपानी नागरिकाला मात्र विलगीकरणाच्या अटीवर प्रवेश होता. ओमायक्रॉन येताच ३० नोव्हेंबर २०२१ पासून परदेशी नागरिकांचा नवा प्रवेश थांबला. 'योमिउरी' दैनिकाच्या पाहणीत ८९ टक्के लोकांनी त्याला पाठिंबा दिला. जागतिक आरोग्य संघटनेचे माईक रायन यांनी मात्र, विषाणू पासपोर्ट वाचतो काय, अशा आशयाचा सवाल केला.

पाठिंबा का?

जपानमधील आणीबाणीत नागरिकांवर घरबंदीची सक्ती नव्हती; भर आवाहनावर होता. स्वतः संयम पाळणाऱ्या जनतेला सीमेवरील कठोरपणा न्याय्य वाटला. सरकारलाही तो सोयीचा होता. बंदीचा फटका बसणाऱ्या परदेशी व्यक्तींना मतदानाचा हक्क नव्हता.

या निर्णयाची किंमत मोठी होती. २०२२ च्या प्रारंभी सुमारे दीड लाख परदेशी विद्यार्थी प्रवेशाच्या प्रतीक्षेत होते. जपानी सीमा तपासणीच्या कक्षेबाहेर असलेल्या अमेरिकी लष्करी तळांवर मात्र संसर्ग वाढला आणि जानेवारी २०२२ मध्ये ओकिनावात निर्बंध लादावे लागले. दार लावले, पण खिडकी उघडीच राहिली!

चित्र पालटले

जून २०२२ मध्ये मार्गदर्शकासह सहली सुरू झाल्या. ११ ऑक्टोबरपासून स्वतंत्र पर्यटकांनाही मुभा मिळाली. २०२४ मध्ये ३ कोटी ६८ लाखांहून अधिक प्रवासी आले. तक्रार तेव्हाही परदेशी पाहुण्यांचीच होती. पण संसर्गाची नव्हे, गर्दीची. साथ ओसरली, तरी प्रश्न उरलाच: संकटात प्रवाशाची पारख त्याच्या प्रकृतीवरून करायची, की पासपोर्टवरून?